साखरपुड्यातला साबण

२०२३ साल. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो. दात निम्मे, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र पहिल्यासारखा. मुर्ध्याच्या खाडीत आणि बाहेर दर्यात मी जन्मभर होडी चालवली. लोक मला तांडेल म्हणतात. शाळा मी चौथीत सोडली, आणि त्याचं मला आजपर्यंत वाईट वाटलेलं नाही. घाबरायची तर मला सवयच नव्हती. पण त्या एका वर्षात एका माणसाने मला असे धक्के दिले, की दर्याने सगळे मिळून दिले नसतील.

त्या माणसाला आमच्या आळीत साबणवाला म्हणायचे. मीही तेच म्हणेन.

आमची एकुलती लेक कांदिवलीला ऑफिसात जाते. तिथलाच एक मुलगा तिने पसंत केला. आपलाच मराठी, पण फ्लॅटमधला. पेणकरपाड्याला तिसऱ्या मजल्यावर बाप-लेक दोघंच राहायचे. आई कोरोनात गेली. बाप मुंबईत कुठल्याशा ऑफिसातून रिटायर झालेला. मी म्हटलं, बघून तर येऊ. नवीन पांढरा शर्ट घातला, बायकोने जरीचं लुगडं काढलं, आणि लेकीला घेऊन आम्ही मुलाचं घर बघायला गेलो.

ज्याने दार उघडलं त्या माणसाच्या डोळ्यांवर पोहायचा चष्मा होता. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, कमरेला प्लास्टिकचा टेबलक्लॉथ बांधलेला. माझी बायको दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, चुकीच्या दारात आलो.

"या या, तांडेल ना? आत या, पण लांब उभे राहा," तो म्हणाला. "आता कॉस्टिक सोडा टाकतोय. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. उलट केलं की तोंडावर उडतं."

मुलीचा बाप पहिल्यांदा दारात आलाय, आणि त्याचं स्वागत हे असं! ना पाणी, ना बसा. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने माझ्या हातात लाकडी डाव दिला. समोर स्टीलचं मोठं पातेलं, त्यात खोबरेल तेल. तो वरून ते सोड्याचं पाणी ओतू लागला.

"तुमचे हात मजबूत दिसतात. ढवळा. एकाच बाजूने. डाव उचलला की वर रेघ राहिली पाहिजे, तोवर थांबायचं नाही."

मी ढवळत राहिलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. मुलगा शरमेने लाल झाला होता, "पप्पा, प्लीज" म्हणत होता. माझी लेक तोंडात ओढणी कोंबून हसत होती. बायको दमून सोफ्यावर टेकणार, तोच हा ओरडला, "अहो वहिनी, तिथे नको! साबण झोपलाय!"

खरंच झोपला होता. सोफाभर श्रीखंडाचे डबे, दुधाचे रिकामे खोके, त्यांत ओतलेला साबण, आणि वरून साड्या पांघरलेल्या. चांगल्या साड्या, त्याच्या बायकोच्या. तो म्हणाला, साबणाला पहिला दिवस ऊब लागते, उघडा पडला तर फाटतो. आम्ही चौघं खाली चटईवर बसलो आणि साबण सोफ्यावर. लग्नाची पहिली बोलणी अशी झाली.

त्या घरात साबण नाही अशी जागा नव्हती. टीव्हीवर साबण, पुस्तकांच्या कपाटात साबण, देव्हाऱ्याच्या खाली साबण. मोदकाच्या साच्यात पाडलेले मोदक, करंजीच्या साच्यातल्या करंज्या, सगळं साबणाचं. त्याला महिना-महिना वाळवत ठेवायचं, अधूनमधून कूस बदलायची. वर आणखी उद्योग होतेच. वाट्यांत ओतलेल्या मेणबत्त्या, जुन्या पेपरचा लगदा करून बनवलेले जाड कागद, बाटल्यांना विणलेले लोकरीचे झबले. बाटलीला झबलं! मी विचारलं, कशाला? तर म्हणे, "रिकामी बसून होती."

आणि साबण पिकला की नाही हे बघायचं कसं, तर चाटून. माझ्यासमोर त्याने एक वडी उचलली आणि जीभ लावली. "चटका बसला तर कच्चा. नाही बसला तर तयार. हा तयार आहे." घरी येताना रिक्षात बायको एवढंच म्हणाली, "पोरीचा सासरा साबन चाटतंय. आता काय बोलाचा?"

पण त्याची खरी खोड निराळी होती. तो प्रत्येकाच्या नाकाखाली साबण धरायचा आणि म्हणायचा, "वास सांगा."

"चांगला आहे," मी म्हटलं.

"चांगला म्हणजे? कशासारखा?"

"साबणासारखा."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मग त्याने माझ्या बायकोकडे धरला. ती बिचारी नीट हुंगून म्हणाली, "खवलेला नारळ रातभर ऱ्हायला ना, तसा." हा माणूस खूश! "खवलेला... रात्रभर राहिलेला..." असं स्वतःशी चार वेळा बोलला, आणि सोफ्यावरचे डबे हलवून तिला तिथे बसायला जागा केली. मी मात्र चटईवरच.

पुढे कळलं, इमारतीतले लोक त्याला टाळायचे. कचरा न्यायला येणाऱ्या बाईपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना तो "वास सांगा" करायचा. सेक्रेटरी गुजराती, तो म्हणायचा, "अंकल, बहुत अच्छा है, एकदम अच्छा," आणि जिना गाठायचा. कारण वास अच्छा नसायचाच. एका साबणात लवंगेचं तेल इतकं, की दातांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटायचं. एकात कापूर असा, की मेलेल्या माणसाच्या घरात आलो की काय वाटावं.

तरी मी या स्थळाला हो म्हटलं. त्याचं कारण सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तो मुर्ध्याला आमच्या घरी आला, तेव्हा ओट्यासमोर जवळा वाळत घातला होता. बाजूला वलांडीच्या बांबूंवर बोंबील टांगलेले. वर कडक ऊन. फ्लॅटमधले पाहुणे आले की मी त्यांच्या नाकाकडे बघतो. तोंडाने माणूस गोड बोलतो, नाक खरं बोलतं. कोणी रुमाल काढतो, कोणी हळूच वारा येतो त्या बाजूला सरकतो. आमच्या लेकीला आधी एक स्थळ आलं होतं, त्यातली बाई आमच्या दारात पदर नाकाला लावून उभी राहिली. त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही.

हा माणूस जवळ्याच्या शेजारी मांडी घालून बसला. दोन तास. नाकाची पाकळी हलली नाही. माशी हाकलली, चहा प्यायला, आक्काशी गप्पा मारल्या. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारात म्हावरं विकलं तिने, आजही विकते. जाताना त्याने माझ्याकडे काय मागितलं, तर फाटक्या जाळ्याचा तुकडा. त्याची साबण ठेवायची पिशवी करणार म्हणे. ज्या जाळ्यात मी हात हात लांबीचे घोळ मासे ओढले, त्यात आता साबणाची वडी! पण मी दिलं. आक्का म्हणाली, "फ्लॅटवाला असून नाक न्हाय मुरडला. मानूस बरा हाय." मीही तेच बघितलं होतं. पोरगी द्यायची तर अशा घरात, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

साखरपुडा आमच्या दारात झाला. छोटा मांडव, आळीतली माणसं, खुर्च्या भाड्याच्या. मुलाकडची मोजकी मंडळी आली. साडी, नारळ, साखरेचा पुडा, सगळं रीतीप्रमाणे. मग साबणवाल्याने पिशवीतून झाकलेली ताटं काढली आणि आमच्या बायकांसमोर एकेक ठेवली. वर रंगीत कागद. मला वाटलं पेढे.

कागद निघाला आणि मांडवभर मोगऱ्याचा वास सुटला. वास म्हणजे कसा, डोकं उठेल असा. पोरं खोकायला लागली. ताटात साबण. आमच्या प्रत्येक बाईसाठी एक वडी, खाली केळीचं पान, वर हळद-कुंकवाचा ठिपका.

आमच्या बायका एकमेकींकडे बघेनात. त्या सगळ्या म्हावऱ्यात हात घालणाऱ्या. बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट रिकामी राहते. नवीन टॉवरमधल्या बायका त्यांच्याकडून पापलेट घेतात आणि सुटे पैसे दोन बोटांनी उचलतात. त्यांच्यासमोर सोयऱ्याने साबण ठेवला होता. मोगऱ्याचा.

आक्काने वडी उचलली. शांतपणे विचारलं, "हे आमाला कशाला, दादा? आमचे हाताला वास येतं म्हनून?"

आणि तो माणूस हसला. खुर्ची पुढे ओढून, लहान पोरासारखे डोळे करून तिला म्हणाला, "वास कसा आहे, सांगा ना. नीट सांगा."

माझ्या कानशिलात कोणी मारली असती तरी मला तसं वाटलं नसतं. आक्काच्या डोळ्यांत पाणी मी वडील गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर त्या मांडवात. मी उठलो. तिच्या हातातली वडी घेतली आणि ताटात टाकली.

"उठा," मी म्हटलं. "आमच्याकडून ही सोयरीक मोडली."

"तांडेल, काय झालं?" तो विचारत होता. खरंच कळलं नसल्यासारखं तोंड. तेव्हा मला ते नाटक वाटलं.

"बाबा, आधी विचारा तरी त्यांना," लेक म्हणाली.

"विचारलं ना आक्काने. उत्तर ऐकलंस ना?"

मुलगा माझ्या पायाशी वाकायला आला, मी पाय मागे घेतले. तो बाप मात्र उभा राहून एकच बोलत होता, "हा माझा सगळ्यात चांगला साबण आहे हो. असा मी कोणाला देत नाही." जेवणं तशीच राहिली. लेकीने खोलीचं दार लावून घेतलं. मी चूक केली असं मी म्हणणार नाही. त्या मांडवात बसलेल्या कोणालाही विचारा.

ताटं मात्र आमच्याकडे राहिली होती, साबणासकट. तुटलेल्या सोयरिकीची भांडी घरात ठेवायची नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती गोणपाटात बांधली आणि स्वतः निघालो. लेक दारात आली. डोळे सुजलेले.

"बाबा, ताटं दिलीत की संपलं. तुम्हाला माहितेय ना?"

"माहितेय."

"मी पळून जाणार नाही. दुसऱ्याशीही करणार नाही. एवढं ऐकून जा."

बस पकडली, मग रिक्षा.

दुसऱ्या मजल्यावरच मला वास आला. गॅसचा. होडीवर आम्ही सिलेंडरवर जेवण करतो, तो वास मी झोपेतही ओळखीन. मला वाटलं कोणाची तरी शेगडी राहिली असेल. तिसऱ्या मजल्यावर वास दाट झाला. शेजारच्या दाराला कुलूप. मी साबणवाल्याच्या दारावर थाप मारली.

दार उघडलं. आतून गॅसचा लोट अंगावर आला. तो समोर उभा, डोळे रडून लाल, आणि एका हातात मेणबत्ती, एका हातात काडेपेटी.

"तांडेल! तुम्ही? या ना. ही कालच केली, जरा पेटवून बघतो, आतमध्ये हवा राहिलीय का..."

काडी बाहेर काढलेली होती.

मी ताटं टाकली आणि त्याचा हात धरला. धरला म्हणजे पिरगळला. काडेपेटी घेऊन जिन्यावरून खाली भिरकावली. तो ओरडत होता, "अहो काय करताय, मारताय का मला?" मी त्याला बाहेर ढकललं, नाकावर रुमाल धरून आत गेलो. शेगडीवर दूध उतू गेलं होतं, आच विझलेली, बटण पूर्ण चालू. बंद केलं. सिलेंडर बंद केला. खिडक्या उघडल्या. तो मागोमाग आत येऊन पंख्याच्या बटणाकडे हात नेत होता, तिथेही ओरडलो.  

"मरायचं होतं काय?" मी त्याला परत जिन्यात आणून गदागदा हलवलं. "पोरगा संध्याकाळी घरी आला असता, त्याला काय दिसलं असतं? सगळी बिल्डिंग गेली असती! एवढा वास मारतोय!"

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "मारतोय का?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"तुम्हाला वास येत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"कोरोनापासून. आम्ही दोघं एकदमच आजारी पडलो. ती गेली, मी राहिलो. नाक राहिलं नाही." त्याने ते असं सांगितलं, जसं छत्री बसमध्ये विसरली. "डॉक्टर म्हणाले, रोज लवंग हुंगा, लिंबू हुंगा, गुलाब हुंगा, येईल हळूहळू. डब्या हुंगत बसायचा कंटाळा आला. म्हटलं साबणात घालू, निदान हाताला काम. वाटतं, एक दिवस वडी कापताना येईल."

"आणि मुलाला?"

"तो तेव्हा पुण्याला होता. मी त्याला सांगितलं, आला परत वास. नाहीतर शेगडी काढून टाकेल, डबा लावेल. मग मी दिवसभर करू काय, तांडेल?"

हे आता त्याच्या मुलाला कळलंय, सगळ्यांनाच कळलंय, म्हणून लिहितोय. त्या दिवशी ते ऐकणारा मी एकटा होतो.

"मग कालचा मोगरा?" मी विचारलं. "डोकं उठवलंत सगळ्यांचं."

"जास्त झाला का? मला येईना. म्हणून अजून ओतला. तरी येईना." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तिला मोगरा आवडायचा. सून येणार, तिच्या घरच्या बायका येणार, म्हणून तो केला. तुमच्या बहिणीला राग का आला, हे मला मुलाने रात्री सांगितलं. मला लाज वाटली. पण तांडेल, मला खरंच सुचलं नव्हतं. वास ही गोष्टच माझ्या डोक्यातून गेलीय. लोकांना येतो, हेच मी विसरतो."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. माझ्या डोक्यात दुसरंच चालू झालं होतं. ज्या साबणासाठी मी लग्न मोडलं, त्यात टोमणा नव्हता. ठीक. पण मग ज्या दिवशी हा जवळ्याशेजारी दोन तास बसला, नाक मुरडलं नाही, आणि मी पोरगी द्यायचं ठरवलं, त्यातही काही नव्हतं! मुरडायला नाकच नव्हतं त्याला. मी हो म्हटलं तेही वाऱ्यावर, नाही म्हटलं तेही वाऱ्यावर. सदुसष्ट वर्षं माणसांची नाकं बघून माणसं ओळखली, आणि हा असा निघाला.

मग मी विचारलंच. "खरं सांगा. वास येत असता, तर आमच्या ओट्यावर नाक मुरडलं असतं?"

दुसरा कोणी असता तर छे छे म्हणाला असता. एवढा त्याचा जीव वाचवला होता, तोंडदेखलं बोलायला काय जातंय? तो विचार करत बसला.

"मुरडलं असतं," तो म्हणाला. "बहुतेक मुरडलंच असतं. माझी बायको मासे खायची, मी नाही. ती तळायला घ्यायची तेव्हा मी बाल्कनीत जाऊन दार ओढून घ्यायचो. तीस वर्षं."

मला इतका धक्का गॅसनेही बसला नव्हता. माझ्या तोंडावर, मला, मुलीच्या बापाला!

"आणि आता आला तो वास, तर?"

त्याने चष्मा पुसला. "आता आला तर बाल्कनीत जाणार नाही."

मी उठलो. त्याला घरात नेऊन बसवलं, पाणी दिलं. दारात पडलेली ताटं गोळा केली. एक चेपलं होतं, ते गुडघ्यावर सरळ केलं. पुन्हा गोणपाटात बांधली आणि खांद्यावर टाकली.

"ती द्यायला आला होतात ना?" तो म्हणाला.

"हो."

"मग?"

"मुलगा येईपर्यंत शेगडी लावायची नाही," मी म्हटलं आणि जिना उतरलो.

घरी बायकोने गोणपाट बघितलं. "परत कशाला आनली?"

"जड नव्हती."

लेक काही विचारायला आली, मी पाठ केली. सांगितलं असतं तर त्याचं गुपित फुटलं असतं. न सांगता लग्न पुन्हा जोडायचं, म्हणजे भर मांडवात मी टाकलेला शब्द मीच उचलायचा, आणि कारण विचारलं तर तोंड बंद ठेवायचं. आळीत आजपर्यंत मी शब्द फिरवलेला कोणी पाहिला नव्हता. 

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी साखर घेतली. प्लास्टिकची पिशवी नको म्हटलं, कागदात बांधून घेतली, वर लाल दोरा. आळीच्या तोंडाशी आक्का पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेली.

"कुठं रं सकाली?"

"पेणकरपाड्याला."

"हातात काय हाय?"

"साखर."

तिने पाटी खाली ठेवली. ओट्यांवर दात घासणारी माणसं घासायची थांबली. "मुलीचा बाप साखर नेतं? असा कदी झालाय?"

"आज झालं."

"आनि परवाचा?"

"परवाचं परवा."

"पन का? काय झाला काय?"

"काही नाही. मी म्हणतोय म्हणून."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. लहानपणी मी मार खाऊन आलो की बघायची तसं. मग पाटीला हात घातला, मी ती उचलून तिच्या डोक्यावर दिली.

"परत त्याने वास इचारला तर?" ती म्हणाली.

"तर सांग."

"काय सांगू?"

"जसा असेल तसा."

ती बाजाराच्या बाजूला गेली, मी बसच्या. त्याचा मुलगा नुकताच कामाला गेला होता. दार साबणवाल्यानेच उघडलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग पुड्याकडे. मी पुडा त्याच्या हातात दिला, चपला बाहेर काढल्या आणि त्याच्या बाजूने सरळ स्वयंपाकघरात गेलो. शेगडीपाशी वाकलो आणि छातीभर वास घेतला.